कागदावर लग्नाची तारीख एकच हवी

वकीलसाहेब, सप्रेम नमस्कार. आम्ही राजारामपुरीत राहतो. माझी मुलगी शिकण्यासाठी इंग्लंडला गेली आणि आता लीड्स येथे वर्क व्हिसावर नोकरी करते. तिचा पासपोर्ट भारताचाच आहे. तिने तिथल्याच एका मुलाशी लग्न ठरवले आहे. मुलगा ब्रिटिश नागरिक असून घरचे ख्रिस्ती आहेत. आपला आधी एक विवाह होऊन घटस्फोट झाला आहे, हे त्याने स्वतःहून सांगितले. त्यांना लग्न तिथेच ऑगस्टमध्ये करायचे आहे, म्हणजे आपल्या ऐन चातुर्मासात. माझ्या यजमानांचे म्हणणे असे, की इथून भटजी घेऊन जाऊ, तिथे हॉल घेऊ आणि आपल्या पद्धतीने लग्न लावू. धाकटे दीर म्हणतात, आधी इथे कोर्ट मॅरेज करून घ्या, नाहीतर भारतात ते लग्न कुणी धरणार नाही. कुणी सुचवते, की भारतीय दूतावासातच लग्न लावा. एका एजंटाने जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जिल्हाधिकाऱ्यांचा ना हरकत दाखला या सर्वांवर ॲपोस्टिल लागेल असे सांगून दर कागदामागे काही हजार रुपये मागितले आहेत. यातले खरे काय आणि नंतर कोल्हापुरात नोंदणी करावी लागेल का, ते कृपया सांगावे.
— एक आई, राजारामपुरी

आदरणीय ताई,

आपल्या घरात चार माणसांची चार मते झाली आहेत, याचे मला नवल वाटत नाही. माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रत्येक कुटुंबात हेच घडते. सर्वांचे बोलणे थोडे थोडे खरे असते, परंतु प्रत्येकजण वेगळ्या देशाच्या कायद्याबद्दल बोलत असतो. म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. विवाह कोणत्या रीतीने लागला म्हणजे तो कायदेशीर ठरतो, हे जिथे विवाह लागतो त्या देशाचा कायदा ठरवतो. आणि वधू-वर विवाहास पात्र आहेत की नाहीत, म्हणजे वय, पूर्वीचा जोडीदार हयात असणे, निषिद्ध नाते, हे पाहताना ज्याच्या-त्याच्या देशाचा कायदाही पाहिला जातो. आपल्या मुलीचा विवाह लीड्समध्ये होणार असेल, तर तो कसा लावायचा हे इंग्लंडचा कायदा सांगेल, तेथे आपल्या पंचांगाचे किंवा आपल्या महापालिकेचे काही चालणार नाही. शुभकार्यात असा दाखला देऊ नये हे मला कळते, पण कोल्हापूरकरांना तो चटकन समजतो म्हणून देतो: १८७० साली इंग्लंडहून परतताना आपले छत्रपती राजाराम महाराज फ्लॉरेन्स येथे निवर्तले, तेव्हा त्यांच्यावर आपल्या पद्धतीने अग्निसंस्कार करण्यासाठीसुद्धा तेथील नगरपालिकेची खास परवानगी घ्यावी लागली होती. परक्या भूमीवर राजालाही स्थानिक कायदा चुकला नाही.

आता यजमानांची कल्पना पाहू. ती मनापासून आलेली आहे, पण सर्वांत धोक्याची तीच आहे. इंग्लंडमध्ये एखादा हॉल भाड्याने घेऊन भटजींनी सप्तपदी आणि कन्यादानासह सर्व विधी यथासांग केले, तरी तेवढ्याने तेथील कायद्याने विवाह होत नाही. धार्मिक विधीतूनच कायदेशीर विवाह व्हावा असे वाटत असेल, तर ते मंदिर विवाहांसाठी रीतसर नोंदलेले असावे लागते, निबंधक किंवा तसा अधिकार दिलेली व्यक्ती तेथे हजर असावी लागते आणि वधू-वरांना कायद्याने ठरवून दिलेली वाक्ये उच्चारावी लागतात. मुळात आधी निबंधक कार्यालयात नोटीस दिलेली नसेल, तर यातले काहीच उपयोगाचे नाही. नुसत्या धार्मिक समारंभाचे पुढे काय होते, हे तेथील कोर्ट ऑफ अपीलने २०२० मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्या जोडप्याचा निकाह १९९८ मध्ये लंडनच्या एका रेस्टॉरंटमध्ये झाला होता, त्यांनी अनेक वर्षे संसार केला, त्यांना मुले झाली; पण नोंदणी विवाह कधी झाला नाही. संबंध बिघडल्यावर पत्नी न्यायालयात गेली, तेव्हा हा कायद्याच्या दृष्टीने विवाहच नव्हता, अगदी रद्दबातल ठरणारा विवाहसुद्धा नव्हता, असा निर्णय झाला. निकाहाच्या जागी सप्तपदी असती, तरी हा तर्क बदलला नसता. मुलीच्या हातात मंगळसूत्राचे फोटो राहतील आणि पत्नी म्हणून कायद्याचा आधार मात्र राहणार नाही, अशी वेळ आपण येऊ देऊ नये.

यजमानांना आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. इंग्लंडमधील नोंदणी विवाहाच्या समारंभात धार्मिक विधी चालत नाहीत. त्यामुळे निबंधकासमोर वाक्ये उच्चारली जात असतानाच मागे मंगलाष्टका सुरू आहेत, असे दृश्य त्यांनी मनात धरले असेल, तर ते होणार नाही. नोंदणी विवाह आधी, स्वतंत्रपणे होईल. धार्मिक विधी त्यानंतर, वेगळ्या वेळी करता येतात आणि त्याला कुणाची हरकत नसते. (कोल्हापूरहून नेलेल्या भटजींचा व्हिसा, त्यांची दक्षिणा आणि हॉलमध्ये होम पेटवण्याची परवानगी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तेथे धुराने वाजणारी घंटा मंत्रांसाठी थांबत नाही.)

लीड्समध्ये प्रत्यक्ष काय करावे लागेल, ते आता क्रमाने सांगतो. इंग्लंडमध्ये आणि वेल्समध्ये विवाहापूर्वी निबंधक कार्यालयात जाऊन विवाहाची नोटीस द्यावी लागते. ज्या भागातील कार्यालयात नोटीस द्यायची, त्या भागात त्यापूर्वी किमान पूर्ण सात दिवस वास्तव्य असावे लागते. मुलगी तेथेच राहते, त्यामुळे ही अट तिला जड नाही. आपली मुलगी परदेशी नागरिक असल्याने दोघांना एकत्रच जावे लागेल, एकाने आज आणि दुसऱ्याने पुढच्या आठवड्यात असे चालत नाही. बरोबर दोघांचे पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि मुलीचा व्हिसा दाखवणारा पुरावा लागतो. पूर्वी त्यासाठी प्लॅस्टिकचे कार्ड असे, आता ऑनलाइन ई-व्हिसा असतो आणि त्याचा कोड अधिकाऱ्याला द्यावा लागतो. ही नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते आणि त्यानंतर पूर्ण २८ दिवस थांबावे लागते. मुलगी व्हिसावर असल्याने ही माहिती तेथील गृहखात्याकडे जाते, आणि विवाह खरा आहे की केवळ व्हिसासाठी आहे याची चौकशी करावी असे त्या खात्याला वाटले, तर हे २८ दिवस ७० दिवसांपर्यंत वाढू शकतात. आपल्या मुलीच्या बाबतीत घाबरण्याचे कारण मला दिसत नाही, परंतु वेळापत्रक आखताना ७० दिवस धरूनच आखावे.

म्हणजे ऑगस्टच्या मध्याची तारीख ठरवायची असेल, तर नोटीस मे महिन्याच्या अखेरीस दिली तरी जेमतेम पुरेल, आणि त्या कार्यालयात भेटीची वेळ मिळण्यासाठीही काही आठवडे जाऊ शकतात. मार्च-एप्रिलमध्येच नोटीस दिलेली बरी. लवकर दिल्याने काही बिघडत नाही, कारण नोटीस १२ महिने चालते. फक्त एक पथ्य पाळावे: नोटिशीत विवाहाचे ठिकाण लिहावे लागते आणि मागाहून ठिकाण बदलले, तर नोटीस पुन्हा द्यावी लागते. म्हणून मुलीने आधी जागा नक्की करावी आणि मगच नोटीस द्यावी. कार्यालयातच लग्न करायचे की मान्यताप्राप्त हॉटेलात किंवा बागेत, हा तिचा प्रश्न आहे. निबंधक तेथे येतात.

प्रत्यक्ष विवाहाच्या वेळी दोन साक्षीदार लागतात आणि आई-वडील साक्षीदार होऊ शकतात. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण आपण एवढ्या लांब जाऊन नुसते खुर्चीत बसून राहायचे का, असा प्रश्न मला एका आईने विचारला होता. तिथल्या विवाहाच्या दाखल्यावर पूर्वी फक्त वधू-वरांच्या वडिलांची नावे असत. ४ मे २०२१ पासून दोन्ही आयांची नावेही येतात. त्यामुळे आपले नाव कसे लिहायचे, हे मुलीला आजच कळवावे: आपल्या पासपोर्टवर जसे आहे अगदी तसेच, माहेरचे किंवा लाडाचे नव्हे.

येथे एक धोक्याची सूचना आपल्यासाठी नव्हे, तर हे वाचणाऱ्या इतरांसाठी देतो. आपली मुलगी वर्क व्हिसावर तेथे राहते, म्हणून ती तेथे विवाह करू शकते. जो मुलगा किंवा मुलगी फक्त लग्नासाठी इथून जाणार आहे, तिला साध्या व्हिजिटर व्हिसावर जाऊन तेथे लग्न करता येत नाही. त्यासाठी मॅरेज व्हिजिटर नावाचा वेगळा, सहा महिन्यांचा व्हिसा असतो आणि लग्नानंतर मुदतीत परत यावे लागते. तेथेच राहायचे असेल, तर आणखी वेगळा व्हिसा लागतो. साध्या व्हिसावर जाऊन बघू, असे सांगणाऱ्याच्या नादी लागू नये.

आता त्या विषयाकडे येतो, ज्याबद्दल आपण पत्रात एकच ओळ लिहिली आहे, पण ज्याचा आपल्याला घोर लागला असावा. मुलाने आपला घटस्फोट झाल्याचे स्वतःहून सांगितले, हे चांगले लक्षण आहे. तरीही कागद पाहावा. इंग्लंडमध्ये घटस्फोट दोन टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात मिळणाऱ्या आदेशाने विवाह संपत नाही. त्यानंतर किमान ४३ दिवसांनी अंतिम आदेशासाठी अर्ज करता येतो आणि तो अंतिम आदेश निघाल्यावरच माणूस पुन्हा लग्नाला मोकळा होतो. ६ एप्रिल २०२२ पासून या दोन टप्प्यांची नावे बदलली आहेत, पहिल्याला आता कंडिशनल ऑर्डर आणि दुसऱ्याला फायनल ऑर्डर म्हणतात; त्याआधीच्या घटस्फोटात दुसऱ्या कागदाचे नाव डिक्री ॲब्सोल्यूट असे असेल. अनेक माणसे पहिला कागद हातात आला की आपण सुटलो असे समजतात आणि दुसरा टप्पा विसरून जातात, त्यात फसवण्याचा हेतू असतोच असे नाही. निबंधक हा अंतिम आदेश मागणारच आहे, त्यामुळे मुलीने तो आधीच पाहिला, तर त्यात अविश्वासाचे काही नाही. भारताच्या बाजूनेही याचे महत्त्व तेवढेच आहे, कारण आपल्या विदेशी विवाह अधिनियम, १९६९ च्या कलम ४ मधील पहिली अट हीच आहे, की दोघांपैकी कुणाचाही जोडीदार हयात नसावा, अर्थात टिकून असलेल्या विवाहातला.

एजंटाने सांगितलेल्या कागदांची गोष्ट थोडक्यात सांगता आली असती, पण लोकांचे सर्वाधिक पैसे तेथेच जातात म्हणून थोडे थांबतो. इंग्लंडमध्ये नोटीस देण्यासाठी आपल्या मुलीला पासपोर्ट पुरतो. जिल्हाधिकाऱ्यांचा ना हरकत दाखला तेथे कुणी मागत नाही, शाळा सोडल्याच्या दाखल्याचा तर विवाहाशी काही संबंध नाही. ॲपोस्टिल म्हणजे एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून लावलेला शिक्का. १९६१ च्या हेग करारानुसार ही पद्धत सुरू झाली आणि भारतात ती १४ जुलै २००५ पासून लागू आहे. आपल्याकडे असे शिक्के परराष्ट्र मंत्रालय देते. जन्मदाखल्यासारख्या वैयक्तिक कागदावर आधी राज्य शासनाचे साक्षांकन घ्यावे लागते आणि कागद मंत्रालयाने नेमलेल्या संस्थांमार्फत जमा होतो. शिक्क्याचे सरकारी शुल्क दर कागदाला ५० रुपये आहे, त्यावर त्या संस्थेचे सेवाशुल्क. मुंबईला जाण्या-येण्याचे कष्ट वाचवण्यासाठी कुणी एजंटाला पैसे दिले, तर मी त्याला दोष देणार नाही, पण ज्या कागदाची गरजच नाही त्यावर शिक्का मारून घेण्यासाठी एक रुपयाही देऊ नये.

हाच विवाह इटलीत किंवा थायलंडमध्ये व्हायचा असता, तर माझे उत्तर वेगळे असते. तेथे परदेशी माणसाकडून तो विवाहास मोकळा असल्याचा त्याच्या दूतावासाचा दाखला मागितला जातो आणि त्यावर भाषांतर व साक्षांकनाचे सोपस्कार होतात. फ्रान्समध्ये महापौरांच्या कार्यालयातील नागरी विवाह आधी झाल्याशिवाय धर्मगुरू विवाह लावू शकत नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम निराळा आहे: न्यूयॉर्कमध्ये विवाहाचा परवाना घेतल्यावर २४ तास थांबावे लागते आणि तो ६० दिवस चालतो, कॅलिफोर्नियात थांबावे लागत नाही आणि परवाना ९० दिवस चालतो. म्हणून शेजारच्यांच्या मुलाला जे कागद लागले तेच आपल्यालाही लागतील, असे समजणे चुकीचे आहे.

कागदांच्या बाबतीत आपल्याकडची खरी अडचण दुसरीच असते. माझ्या टेबलावर अशा मुलांच्या फाइली येतात, त्यात शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग मुलीचे नाव, मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर वडिलांचे नाव मुलीच्या नावाला जोडून पहिल्या रकान्यात गेलेले असते. आधार कार्डावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर जास्त असते, आणि जन्मदाखल्यावर तर बाळाच्या नावाचा रकाना मोकळाच असतो, कारण नोंद बारशाच्या आधीच झालेली असते. या विवाहासाठी यातले काही दुरुस्त करण्याची गरज नाही. परंतु लीड्सच्या दाखल्यावर मुलीचे पूर्ण नाव पासपोर्टमधील अक्षरांप्रमाणेच यावे, वडिलांचे नाव गाळले जाऊ नये, हे सही करण्यापूर्वी मुलीने बारकाईने वाचून घ्यावे. तेथील अधिकाऱ्याला आपल्या नावांची रचना माहीत नसते, तो मधले नाव सहज विसरतो. तो दाखला नंतर भारतात येतो, तेव्हा ती चूक निस्तरायला आपल्याला महिने लागतात.

दूतावासात लग्न लावण्याचा सल्लाही निराधार नाही. विदेशी विवाह अधिनियमानुसार परदेशातील भारतीय राजनैतिक अधिकाऱ्यांना विवाह अधिकारी नेमले जाते. वधू-वरांपैकी एक भारतीय नागरिक असला तरी पुरते. त्या अधिकाऱ्याच्या क्षेत्रात एकाचे किमान ३० दिवस वास्तव्य लागते, नोटीस प्रसिद्ध होते, हरकतीसाठी ३० दिवस ठेवले जातात, आणि अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदारांच्या उपस्थितीत विवाह लागतो. मात्र त्याच कायद्याच्या कलम ११ नुसार, जो विवाह त्या देशाच्या कायद्याने निषिद्ध आहे तो लावण्यास अधिकारी नकार देऊ शकतो. शिवाय दूतावासाची इमारत म्हणजे आपल्या देशाची भूमी, ही समजूत चुकीची आहे. लंडनमधील परदेशी दूतावास हा इंग्लंडचाच भाग आहे, असे तेथील न्यायालयाने १९७२ मध्येच सांगितले आहे. तेव्हा तेथे लावलेला विवाह ब्रिटिश कायद्याने धरला जाईल की नाही, हा प्रश्न उरतोच. ज्या मुलीला त्याच देशात ब्रिटिश नवऱ्याबरोबर राहायचे आहे, तिने हा मार्ग धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या कायद्याचा उपयोग दुसऱ्या प्रकारे करून घ्यावा. कलम १७ नुसार, परदेशात तेथील कायद्याने रीतसर झालेल्या विवाहाची नोंदणी भारतीय विवाह अधिकाऱ्याकडे करता येते, म्हणजे विवाह पुन्हा लावायचा नाही, झालेल्या विवाहाची फक्त नोंद करायची. ही नोंदणी केली नाही म्हणून विवाह अवैध ठरत नाही, कलम २७ ने तसे विवाह सुरक्षित ठेवले आहेत. तरीही ती करून ठेवावी, असा माझा सल्ला आहे, कारण भारतातील कार्यालयातल्या लिपिकाला परदेशी दाखल्यापेक्षा अशोकस्तंभ असलेला कागद लवकर पटतो. लीड्सच्या मूळ दाखल्यावर ब्रिटिश सरकारचे ॲपोस्टिल मात्र जरूर घ्यावे. हा एकच कागद असा आहे, ज्यावर ॲपोस्टिलसाठी खर्च केलेले पैसे सत्कारणी लागतील, आणि ते काम कोल्हापुरातला एजंट करू शकत नाही.

दिरांच्या सूचनेबद्दल. कोर्ट मॅरेज असे आपण ज्याला म्हणतो तो विशेष विवाह अधिनियम, १९५४ खालील विवाह असतो. त्यासाठी जिल्ह्यात एकाचे ३० दिवस वास्तव्य, मग नोटीस, मग हरकतींसाठी ३० दिवस आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत विवाह, असा क्रम आहे. म्हणजे मुलीला नोकरीतून सुमारे दोन महिने रजा काढून कोल्हापुरात राहावे लागेल. तो विवाह पूर्णपणे कायदेशीर असेल, इंग्लंडमध्येही धरला जाईल, आणि दोघांना इथेच लग्न करायचे असते तर मी हाच मार्ग सांगितला असता. पण लग्न लीड्समध्ये ठरले आहे. एकदा इथे विवाह झाला, की ती दोघे पती-पत्नी झाली आणि मग तेथील निबंधकासमोर अविवाहित म्हणून उभे राहता येणार नाही. दोन्हीकडे लग्न करू म्हणजे पक्के होईल, हा हिशेब कायद्यात चालत नाही.

यातूनच आपल्या चातुर्मासाच्या अडचणीवरही मार्ग निघतो. नोंदणी विवाहाला चातुर्मास आड येत नाही. तो ऑगस्टमध्ये लीड्सला होऊ द्या. तुळशीचे लग्न झाल्यावर, मुलीला आणि जावयांना सुटी मिळेल तेव्हा, कोल्हापुरात देवक बसवून, हळद लावून, मंगलाष्टकांसह हवे ते विधी करा, अंबाबाईचे दर्शन घ्या, पै-पाहुण्यांना जेवू घाला. फक्त हे विधी म्हणजे दुसरा कायदेशीर विवाह नव्हे, हे सर्वांनी लक्षात ठेवावे. तसाही हिंदू विवाह अधिनियम, १९५५ दोन्ही पक्ष हिंदू असतील तरच लागू होतो. हिंदू आणि ख्रिस्ती व्यक्तींचा त्या कायद्याखालील विवाह वैध नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले आहे. त्यामुळे या समारंभानंतर महापालिकेच्या विवाह नोंदणी कक्षात जाऊन ज्ञापन, म्हणजे नोंदणीचा अर्ज, भरू नये, त्यावर भटजींची आणि साक्षीदारांची सही घेऊ नये.

हे इतक्या कळकळीने सांगण्याचे कारण असे, की काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जोडपे आले होते, ज्यांच्याकडे विवाहाचे दोन दाखले होते. एक परदेशातला, जून महिन्याचा; दुसरा इथला, डिसेंबरचा. काकांच्या ओळखीने सहज मिळाला, असे ते म्हणाले. पुढे व्हिसाच्या अर्जात त्यांनी एक तारीख लिहिली, पासपोर्टच्या अर्जात दुसरी, आणि विवाहाची खरी तारीख कोणती, असा साधा प्रश्न अधिकाऱ्याने विचारला, तेव्हा नवरा-बायकोनी दोन उत्तरे दिली. त्यांचे लग्न खरे होते, प्रेम खरे होते, पण कागद पाहणाऱ्याला त्यात बनाव दिसला. तो गुंता सोडवायला प्रतिज्ञापत्रांवर प्रतिज्ञापत्रे करावी लागली. म्हणून पत्रिका छापतानाही 'शुभविवाह' असे न छापता 'विवाहानिमित्त मंगलविधी व स्वागत समारंभ' असे छापावे. छापखानदाराला ते विचित्र वाटेल, वाटू द्यावे.

विवाहानंतर मुलीने आडनाव बदललेच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही. बदलायचे असेलच, तर कोल्हापूरच्या समारंभासाठी येऊन परत जाईपर्यंत थांबावे, म्हणजे तिकीट, व्हिसा आणि पासपोर्ट यांवरील नाव एकच राहील. जावयांना पुढे भारतात वारंवार यायचे असेल, तर भारतीय नागरिकाचा परदेशी जोडीदार म्हणून ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी नोंदणी झालेला विवाह अर्जाच्या आधी सलग किमान दोन वर्षे टिकलेला असावा लागतो. ती दोन वर्षे कोणत्या तारखेपासून मोजायची, याचे उत्तरही त्या एकाच दाखल्यावर असेल.

राहता राहिला आपला आणि यजमानांचा व्हिसा. लग्नाला हजर राहण्यासाठी साधा व्हिजिटर व्हिसा पुरतो, आणि त्यासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे ऑगस्टसाठी मेमध्ये. बोटांचे ठसे देण्यासाठी पुण्याला किंवा मुंबईला जावे लागेल. अर्जासोबत मुलीचे निमंत्रणपत्र, तिच्या नोकरीचा आणि पत्त्याचा पुरावा, विवाहाच्या जागेची पावती आणि आपल्या इथल्या उत्पन्नाचे व मालमत्तेचे कागद जोडावेत. जाण्याचे कारण विचारले आहे तेथे पर्यटन असे लिहू नये; मुलीच्या विवाहास उपस्थित राहण्यासाठी, असे सरळ लिहावे आणि ऑगस्टमधील तारीख टाकावी.